बीबीसीची 'शेरलॉक' : पहिला भाग बघितल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका येऊन बरीच वर्षं झाली, तरी दर काही महिन्यांनी ओळखीतलं कुणीतरी ती नव्याने बघायला घेतं आणि पहिला भाग संपला की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. विचारणाऱ्यांचे दोन गट असतात. एक, भालबा केळकरांच्या मराठीतून शाळेच्या सुट्टीत होम्स वाचलेला. दुसरा, होम्स म्हणजे पाईप आणि टोपी एवढंच ठाऊक असलेला. दोघांसाठी मिळून ही उत्तरं. रहस्य कुठून फुटायला लागतं ते मध्ये सांगितलं आहे, तिथे थांबायचं असेल तर थांबा.

शेरलॉक होम्सवर ढीगभर मालिका आहेत. ही नेमकी कुठली?

बीबीसी वनवर २५ जुलै २०१० रोजी सुरू झालेली. शेरलॉकच्या भूमिकेत बेनेडिक्ट कंबरबॅच, जॉन वॉटसन म्हणून मार्टिन फ्रीमन. स्टीव्हन मॉफॅट आणि मार्क गॅटिस या दोघांनी ती रचली. दोघेही तेव्हा 'डॉक्टर हू' या मालिकेसाठी लिहीत होते, त्या कामासाठी लंडन-कार्डिफ रेल्वेने ये-जा चालायची, आणि त्या प्रवासातल्या गप्पांतून 'होम्स आजच्या काळात आणला तर?' ही कल्पना निघाली. पहिल्या भागाचं नाव 'अ स्टडी इन पिंक'. लेखन मॉफॅटचं, दिग्दर्शन पॉल मॅकगीगनचं, लांबी दीड तास. आर्थर कॉनन डॉयल यांची १८८७ सालची पहिली होम्स-कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' हा त्याचा पाया.

मूळ कथा वाचल्या नसतील तर कळेल का?

कळेल. वाचल्या असतील तर अधूनमधून गालातल्या गालात हसाल, एवढाच फरक.

धुकं नाही, गॅसचे दिवे नाहीत, घोडागाड्या नाहीत. मग तो होम्स कसला?

हा आक्षेप जवळपास प्रत्येकाचा असतो, आणि पहिल्या वीस मिनिटांत तो विरघळतो असाही बहुतेकांचा अनुभव आहे. कारण साधं आहे. धुकं आणि घोडागाड्या आपल्यासाठी जुन्या. कॉनन डॉयल लिहीत होते तेव्हा ते त्यांचं चालू वर्तमान होतं. त्यांचा होम्स पत्र लिहीत बसण्यापेक्षा तार ठोकणारा माणूस. रेल्वेचं वेळापत्रक, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती, प्रयोगशाळेतली रसायनं असं त्या काळात जे जे ताजं होतं ते सगळं तो वापरतो. त्याला पुराणवस्तू आपण केलं, त्याच्या लेखकाने नव्हे. म्हणून आजचा शेरलॉक धडाधड मेसेज पाठवतो तेव्हा तो मूळ स्वभावाला धरूनच वागतो.

शिवाय काळ पुढे ओढण्याचं काम याआधीही झालंय. बॅसिल रॅथबोनच्या १९४२ पासूनच्या चित्रपटांत होम्स थेट दुसऱ्या महायुद्धात उतरून नाझींच्या मागे लागला होता. मॉफॅट आणि गॅटिस या चित्रपटांचं ऋण उघडपणे मान्य करतात. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ साली अमेय वाघला घेऊन मोठ्या पडद्यावर आला, तोही आजच्या पुण्यात, मोबाइलसकट. तेव्हाही 'आमचा बन्या असा नव्हता' म्हणणारे होते, आणि सिनेमा बघून बाहेर पडताना 'ट्टॉक' करणारेही तेच होते.

काळ बदलताना काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा खरा प्रश्न. या पहिल्या भागाने वस्तू बदलल्या आणि माणसं ठेवली. माझ्या मते तो जमला तो याचमुळे. रहस्यकथा म्हणून तो मध्यम आहे; दोन माणसांची ओळख होण्याची गोष्ट म्हणून अव्वल आहे. पुढची बरीचशी उत्तरं याच मताच्या आसपास फिरतात, तेव्हा पटत नसेल तर इथेच सांभाळून घ्या.

वॉटसन अफगाणिस्तानातून परत आलेला दाखवलाय. हे मूळचं की मालिकेने घातलेलं?

मूळचंच, आणि सगळ्या रूपांतरातली सर्वांत अंगावर येणारी गोष्ट हीच. कॉनन डॉयलचा वॉटसन दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धात लष्करी डॉक्टर असतो. या कथेत आपली मुंबईही आहे: तो बोटीने मुंबईला उतरतो तेव्हा त्याला कळतं की त्याची पलटण खिंडी ओलांडून पुढे गेलीसुद्धा. तो मागोमाग कंदाहारला पोचतो आणि मैवंदच्या लढाईत खांद्यात गोळी लागून जखमी होतो. ही लढाई खरोखर झाली, २७ जुलै १८८० रोजी, आणि इंग्रज ती सपशेल हरले. बॉम्बे ग्रेनेडियर्ससारख्या मुंबई लष्कराच्या पलटणीही त्या दिवशी त्याच मैदानात कापल्या गेल्या. कादंबरीत वॉटसनला मात्र त्याचा ऑर्डर्ली घोड्यावर टाकून बाहेर काढतो.

आता तारखा बघा. मालिका सुरू झाली २५ जुलै २०१० ला, मैवंदला १३० वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस कमी असताना. आणि त्या वेळी ब्रिटिश सैन्य पुन्हा अफगाणिस्तानातच होतं. म्हणजे आधुनिक वॉटसनसाठी नवं युद्ध शोधायची गरजच पडली नाही. गॅटिसला ही कल्पना हाती घेण्याजोगी वाटली त्यात या योगायोगाचा मोठा वाटा होता. मूळ कथेत होम्स वॉटसनला बघताक्षणी सांगतो की तुम्ही अफगाणिस्तानात होतात. मालिकेत शेरलॉक विचारतो, 'अफगाणिस्तान की इराक?' एका वाक्यात शंभर-सव्वाशे वर्षांचं इंग्रजी राजकारण येऊन जातं, आणि संवादलेखक त्यावर थांबतसुद्धा नाही.

तो लंगडतो, पण गोळी खांद्याला लागली म्हणतात. चूक आहे का?

चूक आहे, पण कॉनन डॉयल यांची. पहिल्या कादंबरीत जखम खांद्याला, दुसरीत ती पायाला. मास्तरांनी मागचं पान उघडून बघितलं नसावं. होम्सचे चाहते या विसंगतीवर पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलेत. मालिकेने दोन्ही ठेवलं: जखम खांद्याला, आणि लंगडणं मनाचं. पायाला काही झालेलं नाही, तरी काठीशिवाय चालता येत नाही. जुनी चूक अशी नव्या पात्राचा कणा झाली. पुढे एका रात्री शेरलॉक टॅक्सीमागे गल्ल्याबोळांतून, गच्च्यांवरून धावत सुटतो आणि जॉन त्याच्यामागे. धापा टाकत दोघे घरी पोचतात, तेवढ्यात दारात रेस्टॉरंटवाला अँजेलो उभा. हातात जॉनची काठी, टेबलापाशी विसरून आलेली. जॉन काठीकडे बघतो. कुणी काही समजावून सांगत नाही. मला विचाराल तर भागातलं खरं रहस्य तिथे सुटतं; उरलेला अर्धा तास हा खून कुणी केले त्याचा.

मोबाइल बघून सगळं ओळखतो तो प्रसंग भन्नाट आहे. मालिकेचा स्वतःचा का?

नाही, तोही उचललेला. पण काय उचललाय! 'द साइन ऑफ फोर' (१८९०) मध्ये वॉटसन होम्सची परीक्षा घ्यायला आपलं खिशातलं घड्याळ देतो. होम्स किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे बघतो आणि सांगतो की घड्याळाचा आधीचा मालक, म्हणजे वॉटसनचा भाऊ, दारुडा होता. रात्री थरथरत्या हाताने किल्ली लावताना ती घसरायची. आत सावकाराने कोरलेले गहाणाचे आकडे, म्हणजे कर्जबाजारीही.

मालिकेत घड्याळाच्या जागी फोन. ओरखडे आहेतच, पण चार्जर खुपसायच्या भोकाभोवती. रोज रात्री फोन चार्जिंगला लावताना हात थरथरतो, म्हणजे बाटली. मागे कोरलंय 'हॅरी वॉटसन', देणारी क्लारा, पुढे तीन चुंबनखुणा; म्हणजे प्रेमाची भेट. फोन जेमतेम सहा महिन्यांचा आणि महागातला, तरी दुसऱ्याला देऊन टाकला. म्हणजे संसार मोडला. तर्क इतका घट्ट बसतो की १८९० सालीही चार्जर होते की काय असं वाटावं. वर शेवटी टपली मारलीय. शेरलॉक ठामपणे 'तुझा भाऊ' म्हणतो आणि जॉन शांतपणे सांगतो की हॅरी म्हणजे हॅरिएट, बहीण. शेरलॉकच्या तोंडावर तेव्हा जे उमटतं ते बघाच: 'काहीतरी एक राहूनच जातं!' मूळ होम्स असा चुकत नाही. हा चुकतो, म्हणून सुसह्य होतो.

पडद्यावर हवेत अक्षरं तरंगतात ती कशासाठी?

कुणाला मेसेज आला की फोनचा क्लोजअप दाखवायचा, मग वाचणाऱ्याचा चेहरा, मग पुन्हा फोन. ही तेव्हाची सर्वमान्य आणि अतिशय कंटाळवाणी रीत. मॅकगीगनने मजकूर सरळ चित्रावरच मांडला. चेहरा आणि मेसेज एकाच चौकटीत. सुरुवातीची पत्रकार परिषद आठवा: पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेड काहीतरी सांगतो आणि खोलीतल्या प्रत्येक पत्रकाराच्या फोनवर एकाच वेळी 'चूक!' उमटतं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. शेरलॉक अजून पडद्यावर नीट आलेलाही नाही, पण त्याचा स्वभाव आपल्याला कळून चुकलाय. आणि लेस्ट्रेडची दयासुद्धा आलीय.

हीच युक्ती मग त्याच्या विचारांसाठी. प्रेताजवळ वाकून तो अंगठी बघतो, कोट चाचपतो, आणि 'ओला', 'कोरडा', 'स्वच्छ' असे शब्द त्या त्या वस्तूपाशी उगवतात. आपण त्याच्या डोक्यात बसून बघतो. आज ही पद्धत इतकी सर्रास झालीय की नवीन प्रेक्षकाला त्यात काही विशेष वाटत नाही. २०१० मध्ये वाटलं होतं.

त्याचे तर्क खरोखर टिकतात का, की नुसती हातचलाखी?

अर्धं अर्धं. ब्रिक्स्टनमधल्या रिकाम्या घरात पडलेल्या गुलाबी पोशाखातल्या बाईचं उदाहरण घेऊ. कोट दमट आहे, कॉलरच्या खालची बाजूसुद्धा; म्हणजे पावसात कॉलर वर केली होती. खिशात छत्री आहे पण कोरडी. म्हणजे वारा इतका की छत्री उघडून उपयोग नव्हता. लंडनमध्ये गेल्या काही तासांत पाऊस नाही. कोट अजून वाळलेला नाही, म्हणजे फार लांबून आलेली नाही. दोन-तीन तासांच्या टप्प्यात असा पाऊस-वारा कुठे होता? फोनवर हवामान बघितलं: कार्डिफ. उजव्या पोटरीवर मागून चिखलाचे बारीक शिंतोडे, डाव्या पायावर नाहीत. म्हणजे उजव्या हाताने चाकाची लहान बॅग ओढत होती. मग ती बॅग कुठाय?

शिंतोड्यांचा तर्क मला झकास वाटतो, कारण तो कुणालाही तपासून बघता येतो आणि त्यातून गोष्ट पुढे सरकते. पण लग्नाच्या अंगठीवरून काढलेला निष्कर्ष? बाहेरून मळकट, आतून चकचकीत, म्हणजे ती वारंवार काढते, म्हणजे बाहेर प्रकरणं आहेत, तीही एक नाही अनेक. अहो, कणीक मळताना अंगठी काढून ठेवणाऱ्या निम्म्या महाराष्ट्राचं चारित्र्य या हिशेबाने धोक्यात येईल. कॉनन डॉयलचा होम्सही असंच करायचा, म्हणजे अनेक शक्यतांतली एक उचलायची आणि ती अशा वेगाने सांगायची की ऐकणाऱ्याला दुसरी सुचायला वेळच मिळू नये. कंबरबॅचची बोलण्याची गती हे या भागाचं खरं भांडवल आहे. संवाद हळू केले तर अर्धे तर्क गळून पडतील.

शेरलॉक इतका उद्धट का दाखवलाय? मूळ होम्स सभ्य होता ना!

मूळ होम्स सभ्य होता, पण थंडही होता. तोही प्रेतांना काठीने बडवून मेल्यानंतर वळ उठतात का ते बघायचा. मालिकेत घोड्याच्या चाबकाने हाच प्रयोग करताना त्याची पहिली भेट होते. फक्त त्या काळची अदब गेली की तीच थंडी उद्धटपणा वाटते. तो स्वतःचं वर्णन 'मनोरुग्ण नव्हे, समाजविघातक' अशा थाटात करतो, आणि लोक ते वाक्य टी-शर्टवर छापून मिरवतात. मला ते वाक्य नेहमीच थोडं पोरकट वाटत आलंय. आपण असे आहोत असं जो सांगत सुटतो, तो बहुधा तसा नसतो.

त्यापेक्षा दुसरा प्रसंग बघा. मेलेल्या बाईने मरता मरता नखांनी फरशीवर आपल्या मुलीचं नाव खरवडलेलं असतं. ती मुलगी चौदा वर्षांपूर्वी मृतच जन्मलेली. शेरलॉक वैतागून विचारतो की इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट, आता तिचं काय वाईट वाटायचं? खोलीत एकदम शांतता. पोलीस थबकलेले. शेरलॉक जॉनकडे वळून हळूच विचारतो, 'बरं नाही दिसलं?' आणि जॉन म्हणतो, 'थोडं नाही दिसलं.' कुणी भाषण देत नाही, कुणी कान धरत नाही. त्या क्षणापासून जॉनचं घरातलं काम ठरलं.

मिसेस हडसन भारी आहेत. त्या मूळ कथेत इतक्या आहेत का?

नाहीत. तिथे त्या चहा आणतात आणि पाहुणे वर पाठवतात. उना स्टब्ज यांनी त्यांना रक्तमांस दिलं. 'मी घरमालकीण आहे, कामवाली नाही' असं बजावत चहा करतातच. त्यांच्या नवऱ्याला फ्लोरिडात मृत्युदंड झाला तेव्हा शेरलॉकने मदत केली होती. शिक्षा थांबवायला नव्हे, ती पक्की करायला. भाड्यात सूट मिळण्याचं कारण हे!

बेकर स्ट्रीटवर जाऊन होम्सच्या घराचं ते दार बघता येईल का?

दार बघायचं असेल तर बेकर स्ट्रीटला जाऊ नका. चित्रीकरण नॉर्थ गॉवर स्ट्रीटवर झालंय, युस्टन स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर. शेजारचं 'स्पीडीज' हे कॅफे खरं आहे. बाकी बरंचसं लंडन म्हणजे कार्डिफच.

— इथून पुढे रहस्य फुटतं —

भिंतीवर, सॉरी, फरशीवर जे लिहिलेलं असतं त्यात गंमत आहे म्हणतात. काय?

१८८७ च्या कादंबरीत भिंतीवर रक्ताने 'राखं' (RACHE) अशा उच्चाराचा जर्मन अक्षरबंध असतो. लेस्ट्रेडला वाटतं कुणीतरी 'रेचल' लिहीत होतं, अपुरं राहिलं. होम्स त्याची खिल्ली उडवून सांगतो की तो 'सूड' या अर्थाचा जर्मन शब्द आहे. मालिकेत नेमकं उलट केलंय. पोलिसांचा अँडरसन ऐटीत दारात उभा राहून जर्मन सूडाचा सिद्धांत मांडतो, शेरलॉक त्याच्या तोंडावर दार लावतो आणि म्हणतो, 'रेचल'च. मूळ वाचलेला प्रेक्षक अँडरसनच्या बाजूला उभा असतो, म्हणून दार आपल्याही तोंडावर आपटतं. लेखकांनी पहिल्याच भागात जुन्या वाचकांना सांगितलं की पाठांतर इथे कामाला येणार नाही. आणखी एक बारीकशी गंमत: आधीच्या बळींमधला जेम्स फिलिमोर नावाचा मुलगा पावसात छत्री आणायला मागे वळतो आणि परत येत नाही. छत्री आणायला घरात गेलेला आणि पुन्हा कधीच न दिसलेला जेम्स फिलिमोर हा कॉनन डॉयलने एका कथेत नुसता ओझरता उल्लेखून सोडून दिलेला गृहस्थ आहे.

खुनी टॅक्सीवाला आहे हे मला शेरलॉकच्या आधी कळलं. दोष नाही का हा?

आहे. कुणावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, गर्दीत कोण दिसूनही दिसत नाही, हे कोडं शेरलॉक मोठ्याने घोळवत बसतो आणि आपण घरी सोफ्यावर 'अरे टॅक्सी, टॅक्सी!' म्हणून ओरडत असतो. त्यात मूळ कादंबरीतला खुनी जेफरसन होप हाही घोडागाडीवालाच, म्हणजे वाचकाला तर आधीच ठाऊक. इतक्या हुशार माणसाला इतका उशीर लावायचा म्हणजे लेखकाला दीड तास भरायचा होता असंच वाटतं. मूळ होपला छातीतली रक्तवाहिनी फुगण्याचा आजार, इथल्या टॅक्सीवाल्याला मेंदूत. दोघेही मरणाच्या दारात, दोघांकडेही दोन गोळ्या, एक विषारी, एक साधी, आणि समोरच्याने निवडायची. होपसाठी तो देवाचा न्याय असतो, कारण त्याच्या प्रेयसीचं आयुष्य उद्ध्वस्त करणाऱ्यांचाच तो सूड घेतो. इथे मात्र दर खुनामागे त्याच्या मुलांना पैसे मिळतात, कुणा अज्ञात आश्रयदात्याकडून. कारण पातळ झालं. फिल डेव्हिसने तो टॅक्सीवाला इतका साधा, इतका थकलेला उभा केला की आपण ते चालवून घेतो.

पण शेवटी शेरलॉक ती गोळी खायला तयार होतो. मूर्खपणा नाही का?

शुद्ध मूर्खपणा. तोच मुद्दा आहे. टॅक्सीवाल्याच्या हातातली बंदूक खोटी आहे, लायटर आहे, हे त्याने ओळखलंय. दारातून निघून जाता येतं. तरी आपला अंदाज बरोबर होता का, हे कळल्याशिवाय त्याला राहवत नाही. टॅक्सीवाला त्याच्या याच व्यसनाला हात घालतो. आणि मग समोरच्या इमारतीतून, दोन खिडक्यांच्या काचांमधून बंदुकीची गोळी येते. जॉन चुकीच्या इमारतीत शिरलेला असतो.

त्यानंतरचा प्रसंग या भागातला सर्वोत्तम. रुग्णवाहिकेपाशी शेरलॉकच्या अंगावर ते नारिंगी ब्लँकेट, आणि तो लेस्ट्रेडला गोळी झाडणाऱ्याचं वर्णन ऐकवत सुटलाय: इतक्या अंतरावरून असा नेम म्हणजे सराईत, हात थरथरला नाही म्हणजे युद्धाची सवय, माझा जीव धोक्यात येईपर्यंत थांबला म्हणजे तत्त्वाचा माणूस… आणि बोलता बोलता त्याची नजर पोलिसांच्या पट्टीपलीकडे जाते. जॉन उभा आहे, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. शेरलॉक वाक्य अर्धवट तोडतो. 'सोड, धक्क्यामुळे काहीही बडबडतोय मी.' दीड तास जो माणूस आपलं बरोबर आहे हे सिद्ध करायला जीव द्यायला निघाला होता, तो पहिल्यांदा उत्तर माहीत असून गप्प बसतो. रहस्य सुमार आहे हे मी वर म्हटलं, पण हा शेवट त्या रहस्याशिवाय मिळालाच नसता हेही खरं.

मायक्रॉफ्टला मॉरिआर्टी, म्हणजे होम्सचा कट्टर शत्रू, समजलो. सगळ्यांचंच असं होतं का?

तसंच व्हावं म्हणून तो रचलाय. रस्त्यातले फोन वाजतात, सीसीटीव्ही कॅमेरे माना फिरवतात, जॉनला गाडीत घालून रिकाम्या गोदामात नेलं जातं, समोर छत्रीवर रेलून उभा असलेला गुळगुळीत माणूस स्वतःला शेरलॉकचा 'कट्टर वैरी' म्हणवतो आणि हेरगिरीसाठी पैसे देऊ करतो. तो थोरला भाऊ निघतो. भूमिका खुद्द मार्क गॅटिसची. याच माणसाने जॉनचं दुखणं सर्वांत आधी अचूक ओळखलंय: तणावात त्याचा हात थरथरायचा थांबतो, म्हणजे युद्ध त्याला छळत नाही, त्याला त्याची आठवण येते. मानसोपचार करणाऱ्या बाईंना जे महिनोन्‌महिने कळलं नाही ते!

बायकांची पात्रं जरा कच्ची नाहीत का?

आहेत. मॉली हूपर हे मालिकेने स्वतः जन्माला घातलेलं पात्र, लुइझ ब्रीलीने ते नंतर कुठल्या कुठे नेलं. पण पहिल्या भागात तिच्या वाट्याला कॉफी आणणं आणि लिपस्टिकवरून अपमान, एवढंच. सार्जंट डोनोव्हन शेरलॉकबद्दल जॉनला सावध करते, आणि तिचं म्हणणं चुकीचंही नाही, पण तिला सूज्ञ दाखवण्याऐवजी खाष्ट दाखवलंय. उरली गुलाबी पोशाखातली जेनिफर विल्सन. तिने मरतानाही खुन्याच्या अंगावर फोन पेरून माग लावून ठेवला. म्हणजे या भागातली सगळ्यात हुशार व्यक्ती तीच, आणि ती पहिल्यापासून प्रेत आहे.

दोघांना सारखं जोडपं समजतात तो विनोद किती चालणार?

बराच. माझ्यासाठी अँजेलोने टेबलावर मेणबत्ती आणून ठेवली तिथेच तो पुरे झाला होता.

मुलांबरोबर बघितला तर चालेल?

बारा-तेराच्या पुढच्यांना हरकत नाही. रक्तपात फारसा नाही. पण विषय विषप्राशनाचा आहे आणि सुरुवातीला सगळ्या घटना आत्महत्या म्हणून मांडल्यात, तेव्हा आधी स्वतः बघून ठरवा.

इंग्रजी फार भरभर आहे. काय करू?

इंग्रजी सबटायटल लावा आणि पहिल्यांदा बघताना तर्काच्या लांबलचक फैरींच्या मागे लागू नका. शेरलॉकपेक्षा जॉनकडे लक्ष ठेवा. फ्रीमनचा चेहरा निम्मं भाषांतर करून देतो. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा बाकीचं पकडता येईल.

जेरेमी ब्रेट बघितल्यावर हा पचेल का? आणि 'एलिमेंटरी'चं काय?

ब्रेटची ग्रॅनाडा मालिका (१९८४ ते १९९४) ही मूळ कथांशी इमान राखणारी. त्या तोलाचा होम्स पुन्हा झाला नाही असं मानणाऱ्यांत मीही आहे. पण तिथे स्पर्धा नाहीच. हा वेगळा खेळ. 'एलिमेंटरी' २०१२ मध्ये अमेरिकेत आली. न्यूयॉर्क, जॉनी ली मिलरचा व्यसनातून सावरणारा होम्स, ल्युसी ल्यूची जोन वॉटसन. तिचे दीडशेहून जास्त भाग आहेत. दर आठवड्याला एक प्रकरण असं आरामात बघायचं असेल तर ती बरी. पण तिच्या पहिल्या भागात 'काठी विसरली' असा एकही क्षण नाही.

लगेच दुसरा भाग लावू?

लावा, पण अपेक्षा खाली ठेवून. 'द ब्लाइंड बँकर'मध्ये चिनी तस्कर टोळी, सर्कस, गूढ खुणा असा सगळा घिसापिटा माल आहे. काळ २०१० चा, नजर मात्र १८९० ची. पहिल्या भागाने जे टाळलं त्यातच तो पडला, आणि त्याबद्दल मालिकेला तेव्हाच बोल लागले. तिसरा, 'द ग्रेट गेम', मात्र चुकवू नका.

एकूण किती आहेत?

तेरा. २०१०, २०१२, २०१४ आणि २०१७ मध्ये तीन-तीन, शिवाय १ जानेवारी २०१६ चा 'द अबॉमिनेबल ब्राइड' हा विशेष भाग, ज्यात मंडळी चक्क घोडागाड्यांच्या काळात जातात. पहिली दोन वर्षं उत्तम, तिसऱ्यात लेखक स्वतःच्याच हुशारीवर खूश होतात, चौथ्यात गोष्ट हाताबाहेर जाते.

पहिल्या भागाची आणखी एक आवृत्ती आहे म्हणे?

आहे. आधी सुमारे तासाभराचा पायलट बनवला होता, दिग्दर्शन कोकी गिड्रॉयचं. बीबीसीने दीड-दीड तासाचे भाग हवेत असं ठरवल्यावर तो बाजूला ठेवून सगळं पुन्हा चित्रित केलं. डीव्हीडीवर तो मिळतो. कथा तीच, मायक्रॉफ्ट नाही, हवेतली अक्षरं नाहीत, आणि वेग बेताचा. आधी प्रसारित झालेला भाग बघा, मग हा. कलाकार जवळपास तेच असून एकात जीव आहे आणि दुसऱ्यात का नाही, हे शेजारी शेजारी ठेवल्यावर चटकन दिसतं.